'हाय रिस्क' पेशंट म्हणजे नक्की कोण? किडनी कॅन्सरच्या ट्रायल्सबद्दल थोडं

फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, कुठे ना कुठे महिन्याला एक बातमी येऊन पडतेच की अमुक कॅन्सरवर नवीन औषध आलं, इतके टक्के फायदा, खाली हात जोडलेले इमोजी, आणि मग मला टॅग करतात कारण मी ट्रायल्सच्या, म्हणजे औषधं पेशंटवर तपासून बघतात त्या चाचण्यांच्या, डेटाचं काम करते, म्हणजे सगळ्यांच्या हिशोबात अर्धी डॉक्टरच. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. आधी एका हॉस्पिटलमध्ये ट्रायल कोऑर्डिनेटर होते, फाईली, सहमतीपत्रं, रक्ताच्या ट्यूबा कुरियरवाल्याच्या हातात देणं वगैरे, आणि आता पुण्यात एसीत बसून तसलाच डेटा स्क्रीनवर साफ करते. या कामाने एक खोड लागली, की बातमी आली की आधी औषधाकडे बघायचंच नाही, आधी बघायचं पेशंट कोण घेतले होते. पेपरमधलं पहिलं टेबल. वय किती, तब्येत कशी, आजार किती पसरलेला. लोक डायरेक्ट शेवटच्या आकड्यावर उडी मारतात आणि मी त्या पहिल्या टेबलात अडकून बसते.

किडनीच्या कॅन्सरमध्ये हे फारच लागू होतं, म्हणून आज त्यावर. पसरलेला किडनी कॅन्सर, आणि त्यातही ज्यांना डॉक्टर 'पुअर रिस्क' म्हणतात ते पेशंट, म्हणजे ज्यांचा आजार लवकर जिवावर बेतायची शक्यता जास्त. यांच्यावर औषधं तपासायची म्हणजे काय भानगड असते ते बघू.

ट्रायलवाल्यांना असे पेशंट मुळात नको असतात, हे उघड गुपित आहे. कारण साधं आहे. पेशंट आधीच खूप आजारी असला की पहिल्या महिन्यातच ॲडमिट होतो, तेव्हा औषधाने झालं की आजाराने हे कळत नाही, रिपोर्ट लिहिता लिहिता कोऑर्डिनेटरचा जीव जातो, व्हिजिट चुकतात, दुसऱ्या स्कॅनपर्यंत माणूस पोचत नाही. त्यामुळे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या नियमावलीत, अटी अशा घालतात की बऱ्यापैकी धडधाकट लोकच आत येतील. औषध मग त्या धडधाकट लोकांवर चालतं, मंजूर होतं, आणि ओपीडीत ते मिळतं कोणाला, तर व्हीलचेअरवरून आलेल्या माणसाला.

याला एक ठळक अपवाद आहे, आणि तो माझा आवडता आहे. ट्रायलचं नाव एआरसीसी. जुलै २००३ ते एप्रिल २००५ मध्ये पेशंट घेतले, २६ देश, ६२६ पेशंट, आणि मुद्दाम वाईट रिस्कवालेच घेतले. पेपर आला २००७ मध्ये, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये, पहिलं नाव फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कॅन्सर सेंटरच्या गॅरी ह्यूड्स यांचं. औषध टेमसिरोलिमस.

तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्या. किडनीच्या कॅन्सरवर नेहमीची किमो जवळजवळ चालतच नाही, हे जुनं दुखणं. मग काय होतं, तर इंटरफेरॉन आणि इंटरल्युकिन, म्हणजे प्रतिकारशक्तीला डिवचायची औषधं. इंटरल्युकिन इतकं जड की ते फार थोड्यांनाच झेपायचं. इंटरफेरॉन म्हणजे आठवड्यातून तीनदा पोटात किंवा मांडीत इंजेक्शन, आणि प्रत्येक वेळी फ्लू झाल्यासारखी कणकण, अंगदुखी, जेवण नको, कोणाशी बोलायला नको. बरं एवढं करून बहुतेकांची गाठ जागची हलत नाही. पण दुसरं काही नव्हतं ना, म्हणून तेच स्टँडर्ड, आणि म्हणून नवीन औषधाची तुलना पण त्याच्याशीच.

टेमसिरोलिमसची कुळकथा सांगायचा मोह आवरत नाहीये. १९६४ मध्ये कॅनडातून एक तुकडी ईस्टर आयलंडवर गेली होती, त्यांनी तिथली माती आणली, ती माती माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीच्या लॅबमध्ये गेली, तिच्यातल्या एका जिवाणूतून एक पदार्थ मिळाला. बेटाचं तिथलं नाव रापा नुई, म्हणून औषध रॅपामायसिन. त्याच्यामागे हात धुवून लागलेला माणूस होता सुरेंद्रनाथ सेहगल, बनारस हिंदू विद्यापीठातून फार्मसी शिकलेला. ऐंशीच्या दशकात कंपनीने ती लॅब बंद केली, प्रोजेक्ट गुंडाळला, तर या पठ्ठ्याने जिवाणूचा साठा घरी नेऊन फ्रीजरमध्ये ठेवला. घरच्यांनी काय म्हटलं असेल देव जाणे. पुढे १९९९ मध्ये तेच औषध किडनी ट्रान्सप्लांटनंतर शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून मंजूर झालं. आणि त्याच्यावर थोडी रासायनिक कारागिरी करून बनवलेलं टेमसिरोलिमस किडनीच्याच कॅन्सरवर आलं. सेहगल जानेवारी २००३ मध्ये गेले, आणि एआरसीसी त्याच वर्षी जुलैत सुरू झाली.

अशा औषधांना 'टार्गेटेड' का म्हणतात तेही पटकन. किडनी कॅन्सरचा सगळ्यात कॉमन प्रकार म्हणजे क्लिअर सेल. त्यात बहुतेक वेळा व्हीएचएल नावाचा जीन बिघडलेला असतो, हा जीन १९९३ मध्ये सापडला. तो बिघडला की पेशीला सतत वाटत राहतं की ऑक्सिजन कमी पडतोय, आणि ती आजूबाजूला 'रक्तवाहिन्या वाढवा, रक्तवाहिन्या वाढवा' असे सिग्नल सोडत बसते. गाठीला रक्त मिळतं, गाठ वाढते. सुनिटिनिब, पाझोपानिब, कॅबोझँटिनिब या गोळ्या तो सिग्नल जिथे पोचतो तिथे आडव्या येतात, आणि टेमसिरोलिमस पेशीच्या आत एमटॉर नावाच्या प्रोटीनला दाबतं, जिथून वाढीचा हुकूम सुटतो. सगळ्या शरीरातल्या वाढणाऱ्या पेशी झोडपण्यापेक्षा नेमकी एक कडी पकडायची, म्हणून टार्गेटेड. साईड इफेक्ट नसतात असा अर्थ मात्र अजिबात नाही, ते वेगळे असतात एवढंच.

आता मूळ मुद्दा, वाईट रिस्क कशी ठरवली. एआरसीसीमध्ये सहा गोष्टी होत्या आणि त्यातल्या किमान तीन असाव्या लागायच्या. हिमोग्लोबिन कमी. एलडीएच, म्हणजे रक्तातलं एक एन्झाइम, नॉर्मलच्या वरच्या हद्दीच्या दीडपटीपेक्षा जास्त. करेक्टेड कॅल्शियम (ते कसं काढतात ते पुढे येईल) १० च्या वर. आजार कळून एक वर्ष व्हायच्या आत उपचार सुरू करायची वेळ आलेली. एकापेक्षा जास्त अवयवांत पसरलेला. आणि कार्नोफ्स्की स्कोअर, म्हणजे माणूस किती हिंडताफिरता आहे याचे मार्क, ६० किंवा ७०. यातल्या पाच गोष्टी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या रॉबर्ट मोटझर यांच्या टीमने जुन्या पेशंट्सच्या डेटावरून काढल्या होत्या, अनेक अवयवांची अट या ट्रायलने वर जोडली. जोडल्यामुळे झालं असं की जवळपास पाव पेशंट मूळ मोजमापाने 'मध्यम' रिस्कमध्येच बसत होते. म्हणजे इथेही पहिलं टेबल बघावं लागतंच, माझा आवडता अपवाद झाला म्हणून काय झालं.

हे कागदावर सोपं वाटतं. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक काका होते, एसटीतून रिटायर झालेले. त्यांचा मुलगा एका रविवारी कापडी पिशवीत अख्खी फाईल घेऊन आला, म्हणाला ताई जरा बघता का, डॉक्टर पुअर रिस्क म्हणाले आणि मी तर वाचलं की हाय रिस्कवाल्यांना नवीन औषधाने ४२ टक्के फायदा होतो, मग बाबांना ट्रायलमध्ये घेतील का. मी म्हटलं आधी फाईल. हिमोग्लोबिन ८.९. प्लेटलेट साडेपाच लाखांच्या वर. एलडीएच केलेलंच नव्हतं, आपल्याकडे बऱ्याचदा नसतंच. फुप्फुसात आणि हाडात पसरलेला, आणि निदान होऊन जेमतेम दोन महिने. कॅल्शियम १०.१, आणि लॅबच्या कागदावर त्याच्यासमोर काहीच खूण नाही, म्हणजे नॉर्मल. मुलगा म्हणाला कॅल्शियम चांगलंय ना. मी पान उलटून अल्ब्युमिन शोधलं, ते निघालं २.९. कॅल्शियमचा बराच भाग रक्तात अल्ब्युमिनला चिकटून असतो, अल्ब्युमिनच कमी असेल तर एकूण आकडा खोटा कमी दिसतो. मग ४ मधून अल्ब्युमिन वजा करायचं, त्याला ०.८ ने गुणायचं आणि ते कॅल्शियममध्ये मिळवायचं. १.१ गुणिले ०.८ म्हणजे ०.८८, झालं जवळजवळ ११. नॉर्मल दिसणारा रिपोर्ट एका ओळीच्या गणिताने रिस्कच्या खात्यात गेला. हे गणित बऱ्याचदा लॅबच्या कागदावर छापून येत नाही, कोणीतरी करावं लागतं.

आणि कार्नोफ्स्की तर विचारूच नका. शंभरपैकी मार्क असतात, १०० म्हणजे ठणठणीत. ८० म्हणजे त्रास आहे पण रेटून सगळं करतो, ७० म्हणजे स्वतःचं स्वतः आवरतो पण कामधंदा जमत नाही, ६० म्हणजे अधूनमधून मदत लागते. मी वर जाऊन काकांना विचारलं, काका अंघोळ वगैरे तुमची तुम्ही करता ना. म्हणाले, मग, करतो की सगळं. आतून काकूंचा आवाज, "बादली कोण भरून देतं मग? आणि पाठ कोण चोळतं?" आता हे ७० की ६०? आजच्या बहुतेक ट्रायल्सच्या फॉर्मवर ही एक टिक असते आणि तिच्यावर सगळं ठरतं. ७० असेल तर दार उघडं, ६० असेल तर बंद. माणूस डॉक्टरसमोर ताठ बसतो, घरी भिंतीला धरून चालतो, हे मी कोऑर्डिनेटर असताना इतक्यांदा बघितलंय की काकूंसारखी माणसं आत घेतल्याशिवाय तो प्रश्न विचारू नये असं माझं ठाम मत झालंय.

तर एआरसीसी. तीन गट केले. एकाला फक्त इंटरफेरॉन, ३० लाख युनिटपासून सुरू करून झेपलं तर १ कोटी ८० लाखांपर्यंत, आठवड्यातून तीनदा. दुसऱ्याला फक्त टेमसिरोलिमस, २५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा सलाईनमधून, आधी ॲलर्जीचं इंजेक्शन द्यायचं आणि मग साधारण अर्धा तास. तिसऱ्याला दोन्ही, पण दोन्ही झेपावं म्हणून टेमसिरोलिमस १५ आणि इंटरफेरॉन ६० लाख. २५ हा डोस कुठून आला तर आधीच्या एका छोट्या ट्रायलमधून, १११ पेशंट होते, २५, ७५ आणि २५० असे तीन डोस देऊन बघितले होते, जास्त डोसने जास्त फायदा काही दिसला नाही म्हणून सगळ्यात छोटा घेतला. आणि त्याच डेटात मागे वळून बघताना दिसलं होतं की वाईट रिस्कवाले पेशंट अपेक्षेपेक्षा जास्त जगलेत. मागे वळून बघितलेलं फार खरं मानायचं नसतं, डेटाला पुरेसं पिळलं की त्यातून काहीही निघतं, पण यांनी नीट केलं, त्या संशयावर समोरून मोठी ट्रायल लावली. मला हे आवडतं.

मुख्य प्रश्न ठेवला होता एकच, माणूस किती जगला. गाठ किती टक्के लहान झाली हा नाही. उत्तर असं आलं: इंटरफेरॉन ७.३ महिने, टेमसिरोलिमस १०.९ महिने, दोन्ही मिळून ८.४ महिने. हे मीडियन आहे, म्हणजे टेमसिरोलिमसच्या गटातले अर्धे लोक साधारण ११ महिन्यांच्या आत गेले आणि अर्धे त्याच्या पुढे राहिले, कोणाला नेमके १०.९ महिने मिळतात असं नाही. हॅझार्ड रेशो ०.७३. याचंच फॉरवर्डमध्ये '२७ टक्के पेशंट बरे झाले' असं होतं. बरं कोणी झालं नाही. इंटरफेरॉनच्या गटाच्या तुलनेत मृत्यूचा धोका त्या काळात २७ टक्क्यांनी कमी राहिला, एवढाच त्याचा अर्थ.

साडेतीन महिने. काही जण म्हणतात एवढ्यासाठी एवढा खटाटोप? मी म्हणते ज्याच्या घरात मुलीचं लग्न ठरलंय त्याला विचारा.

मला यातल्या दोन गोष्टी जास्त इंटरेस्टिंग वाटतात. एक म्हणजे गाठ स्पष्टपणे लहान होण्याचं प्रमाण टेमसिरोलिमसमध्ये ८.६ टक्के आणि इंटरफेरॉनमध्ये ४.८ टक्के, हा फरक आकडेशास्त्राच्या हिशोबात धरावा इतका नव्हताच. म्हणजे स्कॅनवर बघितलं असतं तर औषध फेलच वाटलं असतं. गाठ फारशी आक्रसली नाही पण वाढायची थांबली, माणूस जास्त जगला. घरचे लोक स्कॅन हातात घेऊन 'गाठ तेवढीच आहे' म्हणून रडतात ना, तेव्हा हे सांगावंसं वाटतं.

दुसरं, दोन्ही औषधं एकत्र देऊन फायदा झालाच नाही, इंटरफेरॉनपेक्षा धड वेगळा निकाल नाही. आपल्याकडे 'डबल डोस' वर फार विश्वास. इथे गंभीर त्रास झालेल्यांचं प्रमाण टेमसिरोलिमस एकट्यात ६७ टक्के, इंटरफेरॉन एकट्यात ७८, आणि दोन्हीत ८७. त्रास झाला की डोस पुढे ढकला, कमी करा, बंद करा, आणि मुळात टेमसिरोलिमसचा डोस पण २५ चा १५ केलेला. अशक्त माणसाच्या अंगात दोन औषधं कोंबली की दोन्ही अर्धवट मिळतात. टेमसिरोलिमसचे स्वतःचे त्रास म्हणजे तोंड येणं, अंगावर पुरळ, पायावर सूज, शुगर आणि कोलेस्टेरॉल चढणं. ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांची शुगर सांभाळणं हे वेगळंच काम होऊन बसतं, आणि आपल्याकडे डायबेटिस नसलेला साठीचा माणूस सापडायचा कुठे.

मे २००७ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. आणि इथे गोष्ट गुंतते. कारण ही ट्रायल चालू असताना बाजूला सुनिटिनिबची ट्रायल चालू होती, ७५० पेशंट, तिची तुलनाही इंटरफेरॉनशीच. आजार वाढेपर्यंतचा काळ ११ महिने विरुद्ध ५ महिने. दणदणीत निकाल, सगळं जग गोळीकडे वळलं, आणि का नाही वळणार, दर आठवड्याला सलाईन लावून घेण्यापेक्षा घरी गोळी कोणाला नको. पण पहिलं टेबल उघडा. त्या ट्रायलमध्ये वाईट रिस्कवाले होते साधारण ६ टक्के. म्हणजे गोळी वाईट रिस्कवाल्यांना सर्रास दिली जाते, पण तिची खरी परीक्षा झाली ती चांगल्या आणि मध्यम रिस्कवाल्यांवर. आणि टेमसिरोलिमसची परीक्षा झाली ती वाईट रिस्कवाल्यांवर, पण गोळीशी नाही, तर जुन्या इंटरफेरॉनशी. वाईट रिस्कवाल्या पेशंटला डॉक्टरने द्यायचं काय मग?

हा प्रश्न घेऊन ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये एक छोटी ट्रायल झाली, पाझोपानिबची गोळी विरुद्ध टेमसिरोलिमस, फक्त वाईट रिस्कच्या क्लिअर सेल पेशंटमध्ये. एकूण पेशंट ६९. आजार थांबून राहण्याचा काळ पाझोपानिबमध्ये ५.२ महिने, टेमसिरोलिमसमध्ये २.६. कल गोळीच्या बाजूने दिसला. पण ६९ म्हणजे किती हो, आमच्या इमारतीच्या दोन विंगा. इतक्याशा लोकांत निकाल पक्का म्हणता येत नाही. आणि असे पेशंट जमवणं किती अवघड असतं हे बाहेरच्यांना कळत नाही. सहमतीपत्रावर सही, मग रक्त, मग स्कॅन, मग रिपोर्ट वर पाठवा, मग रँडमायझेशन, म्हणजे कोण कुठल्या गटात ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणं, या दोन-तीन आठवड्यांत वाईट रिस्कवाला माणूस घसरतो. सही केली तेव्हा ७० होता, औषध सुरू करायच्या दिवशी ५० झालेला असतो. आमच्याकडे लॉगमध्ये याला 'स्क्रीन फेल्युअर' अशी दोन शब्दांची नोंद असते, पुढची लाईन.

यानंतर आला 'मध्यम आणि वाईट' असा एकत्र गट करायचा जमाना. मोजमाप पण बदललं, आता आयएमडीसी नावाचं मोजमाप वापरतात, त्यात एलडीएच काढून टाकलं आणि न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आणि प्लेटलेट घेतले, जे साध्या सीबीसीत येतात. हे मात्र फार बरं केलं. शून्य घटक म्हणजे चांगली रिस्क, एक-दोन म्हणजे मध्यम, तीन किंवा जास्त म्हणजे वाईट. पण मध्यम आणि वाईटची मोट बांधली की काय होतं बघा. कॅबोझँटिनिब विरुद्ध सुनिटिनिब अशी कॅबोसन नावाची ट्रायल, १५७ पेशंट, त्यातले ८१ टक्के मध्यम आणि १९ टक्के वाईट. चेकमेट २१४ म्हणून मोठी ट्रायल, निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन इम्युनोथेरपीची, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी, औषधं विरुद्ध सुनिटिनिब, मध्यम-वाईट मिळून ८४७ पेशंट, त्यातही पाचातले चार मध्यम. आमच्या काकांच्या मुलाने वाचलेले ४२ टक्के ते इथले, गाठ लक्षणीय लहान झालेल्यांचं प्रमाण, सुनिटिनिबमध्ये तेच २७ होतं. बातमीत याचंच 'हाय रिस्क' होतं.

चेकमेटबद्दल अन्याय नको, त्यात वाईट रिस्कवाल्यांना पण जगण्याचा फायदा दिसलाय, आणि आज ज्यांना झेपतं, परवडतं त्यांच्यासाठी इम्युनोथेरपी हाच पहिला विचार असतो. गंमत म्हणजे त्याच ट्रायलमधल्या चांगल्या रिस्कवाल्यांमध्ये गाठ लहान होण्याचं प्रमाण उलट सुनिटिनिबमध्ये जास्त होतं. तीच औषधं, तोच कॅन्सर, फक्त गट बदलला आणि पारडं फिरलं.

पण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा कॉस्मिक ३१३ मध्ये आहे. यात विचार असा की दोन इम्युनोथेरपी आहेतच, त्यात कॅबोझँटिनिबची गोळी पण घाला, तिन्ही एकदम. ८५५ पेशंट, सगळे मध्यम किंवा वाईट. २०२३ मध्ये छापून आलं, एकूण निकाल चांगला, आजार वाढण्याचा धोका कमी, हॅझार्ड रेशो योगायोगाने पुन्हा ०.७३. हेडलाईन तयार. आता गट फोडा. मध्यमवाल्यांमध्ये ०.६३. वाईट रिस्कवाल्यांमध्ये १.०४, म्हणजे शून्य फायदा, आणि गंभीर त्रास मात्र ७९ टक्के लोकांना, दोन औषधांच्या गटात तो ५६ होता. वाईटवाल्यांचा गट छोटा होता त्यामुळे १.०४ ला दगडावरची रेघ मानू नये हे मान्य, पण ज्याच्या नावाने हेडलाईन झाली त्याच्याच रांगेत काही मिळालेलं नाही हे तर दिसतंच. एआरसीसीमधल्या तिसऱ्या गटाची आठवण झाली की नाही? अशक्त माणसाला जास्त औषध.

आणि चेकमेट २१४, कॉस्मिक ३१३ या दोन्हींत आत यायला कार्नोफ्स्की किमान ७० लागायचं. एआरसीसीत ६० वाले होते. म्हणजे काकूंची बादली.

काकांचं पुढे काय झालं ते सांगते. ट्रायलचं जमलं नाही. त्यांच्या डॉक्टरांनी, भला माणूस, खोटा ७० टाकला नाही. गोळी सुरू केली, ती पण कमी डोसने, हाडासाठी इंजेक्शन आणि कॅल्शियम खाली आणायला सलाईन. कॅल्शियम उतरल्यावर माणूस एकदम जागा झाला, आधीचा निम्मा गुंगीचा त्रास त्याचाच होता. मग तोंड आलं, तळपायाची सालं निघायला लागली, काकू रात्री क्रीम लावून मोजे घालून द्यायच्या, मध्ये आठवडाभर गोळी बंद, मग पुन्हा. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, जानेवारीत गेले. त्यांच्यासारखे किती पेशंट कमी डोसवर किती चांगले दिवस काढतात याची नोंद कोणाच्या डेटाबेसमध्ये नीट होत नाही, आणि डेटावाली म्हणून मला याचा राग येतो. ट्रायलमध्ये ६० वाल्यांचा एक वेगळा छोटा गट ठेवा, तुलना नको, फक्त नोंद ठेवा, एवढं तरी कंपन्यांना परवडू शकतं असं माझं मत आहे, कोणी ऐकत नाही ते वेगळं.

ज्यांच्या घरी हा विषय आत्ता चालू आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. भारतात होणारी ट्रायल सीटीआरआय या सरकारी रजिस्ट्रीत नोंदवावी लागते, २००९ पासून हे बंधनकारक आहे, आणि ती साईट कोणालाही फुकट बघता येते. तिथे कोणाला घेणार आणि कोणाला नाही याच्या अटी लिहिलेल्या असतात, औषधाचं नाव वाचायच्या आधी त्या वाचा. डॉक्टरांना विचारताना 'हे औषध चांगलं आहे का' असं विचारलं की उत्तर 'हो' च येतं, त्यापेक्षा 'आमच्या पेशंटसारखे लोक त्या ट्रायलमध्ये किती होते' असं विचारून बघा, चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही, उलट खुर्ची पुढे ओढतो. क्लिअर सेल आहे की दुसरा प्रकार हे बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये शोधा, कारण बहुतेक ट्रायल्स क्लिअर सेलच्याच असतात, एआरसीसीत दुसऱ्या प्रकारचे पण होते. सहमतीपत्र मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि सही करायच्या आधी घरी नेऊन वाचायला वेळ मागा. मध्येच ट्रायल सोडली तरी नेहमीचे उपचार बंद होत नाहीत, हे त्यात लिहिलेलं असतं, तरी लोक घाबरतात.

आणि मला फाईलीचे फोटो पाठवणार असाल तर पाठवा, उपचार सांगणार नाही, कुठला कागद काय म्हणतोय एवढं सांगेन. फक्त तारखा दिसतील असे फोटो काढा, आणि कॅल्शियमच्या पानासोबत अल्ब्युमिनचं पान पण पाठवा, ते प्रत्येक वेळी राहतंच.